सहमला सेटर बघायला गेलो तेव्हा

माझ्या अंगी दोनच गुण आहेत, असं आमच्या घरात मानलं जातं. मला इंग्रजीत अर्ज चांगला लिहिता येतो आणि मला कुणाला नाही म्हणता येत नाही. एवढ्या भांडवलावर ओमानमधला मराठी माणूस कुठल्याही समितीत जाऊ शकतो. मी मुलीच्या शाळेच्या क्रीडा समितीत गेलो. आम्ही सात पालक होतो. बाकीच्या सहा जणांनी शाळा सुटल्यापासून चेंडूला हात लावला नव्हता. मी शाळेत असतानाही लावला नव्हता.

गोष्ट मुलींच्या व्हॉलीबॉलची आहे. मस्कतमधल्या चार आणि बातिना किनाऱ्यावरच्या तीन अशा सात भारतीय शाळांचा एक गट होता. गटात पहिली येणारी शाळा भारतात राष्ट्रीय स्पर्धेला जायची. सलग तीन वर्षं ती शाळा सहमची होती. सहम म्हणजे बातिनावरचं, आमच्यापासून गाडीने दोन-अडीच तासांवरचं, दुकानं आणि शेतांचं गाव. तिथल्या मुली वाळूत सराव करायच्या आणि आमच्या एसी हॉलमधल्या चकचकीत कोर्टवर येऊन आम्हाला हरवून जायच्या. शिवाय जाताना 'थँक यू अंकल' म्हणायच्या. समितीला हे फार लागलं. हरायला आमची ना नव्हती, पण कुणाकडून हरावं याला काही रीत असते.

उपाय दोन होते. एक, मुलींचा सराव वाढवायचा. त्यासाठी कुणाला तरी भल्या पहाटे उठून त्यांना सोडायला जावं लागलं असतं. म्हणून आम्ही दुसरा उपाय केला आणि गटच बदलला.

आमच्या अध्यक्षांचं ऑफिस मस्कतच्या अल् खुवैर भागात आणि भाचा अमेरिकेत. त्यांनी सांगितलं, की तिकडे कॉलेजंसुद्धा जुना गट सोडून मोठ्या गटात जातात. मग एका समुद्राकाठची पोरं मॅच खेळायला विमानाने दुसऱ्या समुद्राकाठी जातात, लेक्चरं बुडतात, आणि या सगळ्याला प्रगती म्हणतात. आम्हाला ते ताबडतोब पटलं. मसुदा अर्थातच माझ्याकडे आला.

मसुदा फर्मास झाला. त्यात 'विद्यार्थिनींचे हित' हे शब्द चार वेळा आले. बातिनाच्या कोवळ्या मुलींना मस्कतपर्यंत प्रवास करावा लागतो, दगदग होते, अभ्यास बुडतो, तेव्हा त्यांच्या भल्यासाठी त्या तीन शाळांचा वेगळा गट करावा आणि मस्कतच्या चार शाळांचा 'प्रीमियर' गट असावा, असं मी लिहिलं. गटात किमान चार शाळा असल्याशिवाय त्यातलं कोणी भारतात जाऊ शकत नाही, हा नियम आम्हाला माहीत होता. तो मी लिहिला नाही. काय लिहू नये हे कळण्यालाच तर मसुदा जमणं म्हणतात.

बायकोने पत्र वाचलं आणि विचारलं, की त्या मुली येऊन सांगून गेल्या का, आम्हाला फार दगदग होते म्हणून? मी म्हटलं, तसं थेट कोणी आलं नव्हतं.

पत्र मंजूर झालं. सहमचा काटा निघाला. मग आमच्या लक्षात आलं, की प्रीमियर गटात आणखी तीन शाळा आहेत आणि त्यांनाही जिंकायचं आहे. आमचे कोच केरळचे, मोजकं बोलणारे. ते म्हणाले, उडी मारून चेंडू हाणणाऱ्या मुली आपल्याकडे आहेत, पण त्यांना चेंडू हवा तिथे, हवा तेवढा उचलून देणारी मुलगी, म्हणजे सेटर, जरा कच्ची आहे. सहमची सेटर मिळाली तर बात वेगळी. हे बोलताना ते माझ्याकडे ओशाळून का बघत होते ते मला कळलं नाही. मी उत्साहाने अनुमोदन दिलं.

सहमची सेटर मराठी निघाली, त्यामुळे ही कामगिरीही माझ्याकडेच आली. फी माफ होणार होती. राहायची सोय कुठे करायची, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळे छताकडे बघू लागले आणि मला नाही म्हणता आलं नाही. मदिनत सुलतान काबूसमधल्या आमच्या घरात, माझ्या मुलीच्या खोलीत, दुसरी कॉट टाकायची ठरली. मुलीला सांगितलं तर ती फक्त 'ओके' म्हणाली. दहावीतली मुलं ओके म्हणाली की बापाने समाधान मानायचं असतं.

शुक्रवारी आम्ही तिघं निघालो. बायकोने बेसनाचे लाडू घेतले होते. मुलीने कानात इअरफोन घातले ते थेट सहमला काढले.

त्या सेटरचे वडील कुडाळकडचे, एका ओमानी अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये फोरमन. दोन खोल्यांचं नीटनेटकं घर. आम्हाला सोफ्यावर बसवलं, पाणी आलं, पोहे आले, आणि पोह्यांच्या बश्या घेऊन मुलगी आली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की आपण मुलगी बघायला आलो आहोत. पण जीभ तोवर त्या वाटेला लागली होती. उंची किती, असं मी विचारून बसलो. अभ्यासात कशी आहे, चष्मा वगैरे नाही ना, हेही विचारलं. जरा चालून दाखव, एवढंच म्हणायचं राहिलं. बायकोने माझ्या पायावर पाय दिला.

पोहे देऊन झाल्यावर दोघी मुली चेंडू घेऊन बाहेर गल्लीत गेल्या. मी वडिलांपुढे सगळी योजना मांडली. फी, खोली, एसी हॉल, भारतात राष्ट्रीय स्पर्धा. माझं संपल्यावर ते सावकाश म्हणाले, "साहेब, आधी आमका पंगतीतसून उठयलात, नि आता एकट्या चेडवाक ताट वाढूक इलात?"

मी पोहे खाल्ले. त्यांनीच मग विषय हलका केला. त्यांच्या शाळेत आमचं पत्र वाचून दाखवलं होतं म्हणे, इंग्लिश एकदम झकास होतं. कोणी लिहिलं ते? मी म्हटलं, समितीने. बायको भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिली.

निर्णय मात्र ते लेकीवर सोडत होते. दहावी झाली की ती गावाला आजोळी शिकायला जायची होती, मग खेळ खलास. भारतात खेळायला जायचं तर हे शेवटचं वर्ष. गेल्या तीन वर्षांत ती राखीव खेळाडूंतून वर येत येत कशी सेटर झाली, ते त्यांनी सांगितलं. मला लाडूंचा डबा अजून मांडीवरच असल्याचं तेव्हा कळलं.

मुली घामाघूम होऊन आत आल्या. सहमच्या मुलीने मला सरळ विचारलं, "काका, मी तुमच्या शाळेत आले तर ही कुठे खेळणार?"

"ही? ही खेळेल की तिच्या जागेवर."

"ती जागा एकच असते, काका. हीसुद्धा सेटर आहे."

गेल्या दोन वर्षांतल्या सगळ्या मॅचना मी हजर होतो. पाहुण्यांच्या रांगेत, ज्यूसच्या टेबलापाशी, अध्यक्षांच्या शेजारी. मुलगी कोर्टवर आहे एवढं मी दर वेळी पाहून ठेवायचो. ती तिथे काय करते, हे विचारायची वेळ कधी आली नव्हती. कच्ची सेटर काढा, या ठरावाला पहिलं अनुमोदन माझं होतं. मी मुलीकडे पाहिलं. ती चेंडूवरची वाळू झटकत होती.

सहमच्या मुलीने नाही म्हणून सांगितलं. एका जागेसाठी दोघींनी कशाला मरायचं, शिवाय तिच्या सगळ्या मैत्रिणी मागे राहिल्या असत्या. तिला भारतात जायचं होतं, फार जायचं होतं, पण टीमबरोबर. आम्हाला परत गटात घ्या ना, एवढंच ती म्हणाली.

परतताना अर्ध्या वाटेवर मागून मुलीचा आवाज आला. तिचं मराठी जपून, शब्द शोधत येतं. "बाबा, ते लेटर तू लिहिलंस ना? मग आता दुसरं लिही." मग म्हणाली, "मला वाटलं होतं, जाताना तू मध्येच यू-टर्न घेशील."

मी दुसरं पत्र लिहिलं. सहमला परत घ्यावं, असं त्यात लिहिलं आणि या खेपेला नियमही लिहिला. बैठकीत अध्यक्षांनी गोड आवाजात विचारलं, की मी सभासद म्हणून बोलतोय की बाप म्हणून. मी म्हटलं, बाप म्हणून. सभासद म्हणून मागच्या वेळी बोललो होतो. सहा विरुद्ध एक. पत्र फायलीत गेलं.

आमच्या सदसद्विवेकाने काही झालं असतं असं मला वाटत नाही. झालं ते प्रगतीमुळे. पंधरा दिवसांत मस्कतमधल्याच एका शाळेने प्रीमियर गट सोडला. तिला दुबईकडच्या शाळांचा आणखी वरचा गट मिळाला होता. आमच्याकडे उरल्या तीन शाळा, आणि नियमाने लागत होत्या चार. अध्यक्षांचा सकाळी सकाळी फोन आला. ते तुमचं पत्र कुठाय हो, यल्ला, लवकर पाठवा, विद्यार्थिनींच्या हिताचा प्रश्न आहे. सहमच्या मुलींना प्रवासाची दगदग होते हे त्या दिवशी कुणालाच आठवलं नाही. बातिनाच्या बाकीच्या दोन शाळांचं काय, असं मी विचारलं. इन्शाल्ला, पुढच्या वर्षी बघू, असं उत्तर मिळालं.

फायनल आमच्या हॉलमध्ये झाली, सहम आणि आम्ही. मी पाहुण्यांच्या रांगेत बसलो नाही, कोर्टच्या कडेला उभा राहिलो. पहिल्यांदाच मी एकाच मुलीला बघत होतो. आमच्या बाजूला आलेल्या चेंडूला प्रत्येक वेळी दुसरा हात तिचा लागायचा, चेंडू तिच्या बोटांवरून निघायचा आणि टाळ्या मात्र पुढच्या मुलीला मिळायच्या. ती कच्ची होती का, मला सांगता येणार नाही. पलीकडची तिच्यापेक्षा पक्की होती, हे मलासुद्धा दिसलं. आम्ही पाचव्या सेटमध्ये हरलो. कुडाळचे गृहस्थ दोन्ही बाजूंसाठी टाळ्या वाजवत होते. त्यांची मुलगी अख्ख्या टीमसकट भारतात जाणार होती.

पार्किंगमध्ये अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. त्या मुलीला गावाला कशाला पाठवतात, अकरावीला आपल्याकडेच घेऊ, तुमची तर आता घरोब्याची ओळख आहे. मी म्हटलं, या वेळी तुम्हीच जाऊन या. तिच्या वडिलांशी मराठीतच बोलायला हवं असं काही नाही, त्यांना कुठल्याही भाषेत सगळं कळतं.

आमची मुलगी गाडीला टेकून बोटांवरची चिकटपट्टी सोडवत होती. डोळे लाल होते. अंकल काय म्हणत होते, तिने विचारलं.

"पुढच्या वर्षीसाठी सेटर हवी म्हणत होते."

"मग?"

"सांगितलं, आमच्या घरी एक आहे."