दारं नसलेला क्लास

सर्व संबंधितांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, स्वतःच्या क्लासच्या खोल्यांना दारं बसवू न देणारा लातूरचा एकमेव मालक, म्हणजे आमचे वैजनाथसर, गेले! महिना झाला. फोन आला तेव्हा मी बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवत होतो. वाटलं, दार लोटून घ्यावं, जरा एकटं बसावं... पण दार होतं कुठं!

हे सगळं सुरू झालं भूकंपानंतर. स्लॅबखाली बसायला कुणी तयार होईना, म्हणून सरांनी अख्खा क्लास एका डाळमिलच्या आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवला. सरांचं गणित सोडून चार विषय, चार मास्तर आणि मधे नुसत्या ताडपत्र्या. "क्लास हाय का जनावरांचा बाजार?" भौतिकशास्त्राचे काझीसर गरजले. मी प्रश्न विचारावा आणि उत्तर त्यांच्या वर्गातल्या पोरानं द्यावं, असा तमाशा! पण गंमत बघा, थोड्याच दिवसांत त्यांची उदाहरणं माझ्या तोंडी आली आणि माझे विनोद त्यांच्या. त्याआधी आम्ही चौघं आमची शिकवण्याची पद्धत दागिन्यांसारखी लपवून ठेवायचो. पोरांना सगळं जास्त कळू लागलं. सर ऐकत होते, मिशीत हसत होते.

पुढं भीती ओसरली, क्लासला गावोगावची पोरं लोटली, नवी इमारत उभी राहिली. सरांनी जाहीर केलं, "खोल्यांना दारं न्हाईत. कुणीही कुणाच्याही तासाला मागं बसायचं आन चुका तोंडावर सांगायच्या."

आम्ही पेटलो! काझीसर म्हणाले, "ही पहारेदारी हाय, सर. नांदेडच्या क्लासचं बोलावणं हाय. आम्ही चौघंबी चाललो."

परीक्षा तोंडावर होती. चौघं गेलो असतो तर सरांचा क्लास तिथंच संपला असता, त्यांनाही ते पक्कं ठाऊक होतं. तरी ना विनवणी, ना पगारवाढ. एवढंच म्हणाले, "जावा. पण उद्या माझ्या गणिताच्या तासाला बसा आन मला फाडा."

आम्ही दात पाजळून गेलो! भरल्या वर्गात चुका काढल्या. सर प्रत्येक चूक स्वतःच्या हातानं फळ्याच्या कोपऱ्यात लिहीत होते. "हे बी खरं हाय. पुढं?" मालकाला पोरांसमोर असं उभं राहिलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. काझीसरांना मात्र राहवेना. "अहो, असं न्हाई समजत पोरांना!" म्हणत ते उठले, सरांच्या हातातला खडू ओढला आणि भान हरपून शिकवत सुटले. आम्ही सगळे, मालकासकट, मागच्या बाकावर! तास संपला, पोरांनी टाळ्या पिटल्या. तेव्हा काझीसरांच्या ध्यानात आलं, की आपण सगळ्यांदेखत शिकवून बसलोय.

सर शांतपणे म्हणाले, "मग, नांदेडची गाडी कितीची हाय?"

कुणी गेलं नाही. फळ्याच्या त्या कोपऱ्यात पुढं आमच्याही चुकांची भर पडत गेली.

परवा त्याच वर्गात शोकसभा झाली. मी मोठ्या आवेशात उभा राहिलो, पण हुंदका आला आणि भाषण नुसतं पुटपुटण्यावर आलं. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून, डोळे पुसत, काझीसर ओरडले, "मागं काहीच पोचलं न्हाई हो! पुन्हा पहिल्यापासून सांगा!"