तिसरं पातं

आमचे भावजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, बोटींचे पंखे दुरुस्त करतात. प्रोपेलर हा शब्द त्यांच्या पाटीवर आहे, तोंडात नाही. वाकलेलं पातं सरळ करायचं, झिजलेलं भरून काढायचं, घासूनपुसून तोल साधायचा, असं एक्केचाळीस वर्षं चाललंय. बोटी दुरुस्तीच्या यार्डाच्या एका टोकाला त्यांची पत्र्याची शेड, दुसऱ्या टोकाला मी बोटींच्या पोटांना रंग लावत उताणा पडलेला. रंगाऱ्याला कोणी सल्ला विचारत नाही, हे माझं नशीब. भावजींना मात्र जो तो विचारतो, आणि शिडाच्या बोटीवाले तर त्यांचं डोकं खातात.

कारण शिडाच्या बोटीचं दुखणंच तसं आहे. वारा आहे तोवर पंखा नकोसा, तो पाण्यात आडवा राहून बोटीला मागे ओढतो. वारा पडला किंवा बंदरात शिरायचं झालं की मात्र त्याच्याशिवाय पान हलत नाही. म्हणून कोणी तीन पात्यांचा साधा पंखा घेतो, कोणी वाऱ्यावर असताना पाती मिटून घेणारा. पहिला ढकलतो झकास, पण ओढत राहतो. दुसरा ओढत नाही, पण बोट मागे घ्यायची म्हटली की कुरकुर करतो. यावर लोक तासन्‌तास वाद घालायचे आणि भावजी स्टुलावर बसून ऐकायचे. निदान मला तरी वाटायचं, ऐकतात.

गेली दोन वर्षं ते थकले होते. झोपून उठलं की जाईल असला थकवा नव्हता तो. गुडघ्यांवर हात टेकून उठायचे आणि उठल्यावर कशाला उठलो ते आठवत उभे राहायचे. प्रश्न विचारला तर उत्तर उशिरा यायचं, कधी यायचंच नाही. यार्डातले म्हणायचे, पंखेवाले हल्ली भाव खातात. आणि एक नवीनच खोड लागली होती. पंखा वाजवून बघायचा असला की मला हाक मारायचे, "अरे, दोरी धरायला ये जरा."

वाजवणं म्हणजे पंख्याची परीक्षा. पंखा दोरीने टांगायचा आणि लाकडी हातोडीने एकेक पातं ठोकायचं. धातू खणखणीत असेल तर आवाज लांबत जातो. खाऱ्या पाण्याने ज्याच्यातलं जस्त खाऊन टाकलंय ते पातं नुसतं ठप्प म्हणतं. वरून दोन्ही सारखीच दिसतात. असलं पातं जोर पडला की कधीही मोडतं, मग इंजिन नुसतं घरघरतं आणि बोट जिथल्या तिथे. एकोणचाळीस वर्षं ती दोरी छताच्या वाशाला मुकाट बांधलेली असायची. आता तिला धरायला मी हवा होतो. ब्रश डब्यात बुडवून, सगळं यार्ड तुडवत, मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत मी जायचो. म्हातारपण आलंय, सोबत हवी असेल, एवढंच मी समजत होतो.

तर एके दिवशी एक जोडपं आलं. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. त्यांचे यजमान काखोटीला नकाशांची गुंडाळी घेऊनच फिरायचे. दोघांनी जुनी शिडाची बोट घेतली होती आणि वर्षभर समुद्रावर राहायचं ठरवलं होतं. पोरंबाळं लांब, घराला कुलूप. बोटीचं सगळं झालं होतं, घोडं अडलं होतं पंख्यावर.

"मिटणारा घेऊ या," नकाशेवाले म्हणाले. "दिवसाला किती मैल वाचतात, मी हिशोब करून आणलाय."

"आणि मागे कशी घ्यायची?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

भावजींनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग बाईंकडे बोट करून मोठ्याने विचारलं, "बंदरात बोट कोण लावणार?"

"मी. हे पुढे दोर घेऊन उभे राहणार."

"मग तुमच्या मनाचं घ्या. मैल वाचवायला वर्ष पडलंय. धक्क्यावर आपटायला एक मिनिट लागतं."

बाई हसल्या. बोटीचा मूळचा तीन पात्यांचा पंखा बरोबर आणलाच होता, ब्राँझचा, चांगला जड. तो ठीक असेल तर तोच बसवायचा असं ठरलं. भावजींनी मला हाक मारली. मी दोरी धरली.

पहिलं पातं छान वाजलं. दुसरंही. तिसऱ्यावर हातोडी पडली आणि ठप्प. माझ्या हातातल्या दोरीलाही ते कळलं. भावजींनी माझ्याकडे पाहिलं. ते नेहमीच पाहायचे. मी काहीच झालं नाही असा चेहरा करून उभा राहिलो. परक्या माणसांसमोर, ज्यांनी एक्केचाळीस वर्षं पंखे वाजवले त्यांना मी, रंगाऱ्याने, काय सांगायचं? आत्ता स्वतःच बोलतील, असं मला वाटलं. त्यांनी पुन्हा ठोकलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्याची पापणीसुद्धा हलू दिली नाही.

"चांगला आहे," भावजी म्हणाले. "बसवा हाच."

गुरुवारी पंखा बसला. शनिवारी दुपारी क्रेन येऊन बोट पाण्यात सोडणार होती. आणि त्याच बोटीच्या पोटाला रंग लावायचं काम माझ्याकडे. दोन दिवस मी त्या तिसऱ्या पात्याच्या खाली डोकं ठेवून काम केलं. मास्तरीणबाई मध्येच चहा आणून द्यायच्या आणि आपण कुठे कुठे जाणार ते सांगायच्या. बंदराच्या तोंडाशी, समोरून वारा, खडक शेजारी, आणि ही बाई सुकाणूवर, एवढंच डोळ्यांसमोर यायचं. मला स्वतःची लाज वाटत होती आणि भावजींचा रागही येत होता. जाणतं माणूस असं कसं चुकतं?

शनिवारी सकाळी राहवलं नाही, तेव्हा मी ताईकडे गेलो. ती ओट्यापाशी उभी राहून भाजी चिरत होती. मी सगळं सांगितलं. तिने सुरी खाली ठेवली नाही, फक्त चिरायची थांबली.

"त्यांना ऐकू येत नाही रे," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. दाराची बेल कळत नाही, कुकरची शिट्टी कळत नाही. त्या घासायच्या मशीनने कान खाल्ले. कधी बोळा घातला असेल कानात तर शपथ."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला? त्यांना सांगितलं तर म्हणतात, तूच हल्ली हळू बोलतेस. मी ओरडून ओरडून दमले. शेजारच्यांना वाटतं, आमची रोज भांडणं होतात." तिने पदराने कपाळ पुसलं. "तुला सांगणार होते. पण तू मदतीला जातोस, त्यांचं काम अडत नाही, मला वाटलं शेडमध्ये तरी चाललंय सगळं."

मला एकदम फार दमल्यासारखं झालं. घरात ती गप्प, यार्डात मी गप्प, आणि मधे हा माणूस हातोडी घेऊन उभा.

शेडमध्ये गेलो तेव्हा भावजी स्टुलावर बसून घासायचा कागद घडी करत होते. मी त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो, त्यांना तोंड दिसेल असा.

"भावजी, तिसरं पातं गेलेलं आहे. त्या दिवशी ठप्प वाजलं."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग कागद मांडीवर ठेवला.

"तू तर काहीच केलं नाहीस," ते म्हणाले.

"काय करायला हवं होतं?"

"तोंड वाकडं. वाईट वाजलं की तू तोंड वाकडं करतोस. उजवा गाल वर जातो तुझा. दोन वर्षं मी तेच बघून सांगतोय." त्यांच्या आवाजात राग नव्हता, मला तो चालला असता. "त्या दिवशी दोनदा ठोकलं. दोनदा बघितलं तुझ्याकडे. तू दगडासारखा उभा. म्हटलं, चांगला असणार."

त्यांची अब्रू राखायला मी जो चेहरा केला होता, त्या चेहऱ्यावर विश्वास ठेवून त्यांनी तो पंखा पास केला होता. दोरी धरायला मला कशाला बोलावतात, हे मला तेव्हा कळलं आणि रडू आलं.

"मी सांगतो त्यांना," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

"पंखा माझ्या शेडमधून गेलाय," भावजी म्हणाले. गुडघ्यांवर हात टेकून उठले, हातोडी घेतली आणि निघाले. एवढं झपझप चालताना मी त्यांना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

क्रेनचे पट्टे बोटीखाली सरकवत होते. यार्डातले आठदहा जण जमले होते, बोट पाण्यात जाताना बघायला नेहमीच जमतात. भावजींनी हात वर करून क्रेनवाल्याला थांबवलं. मग मास्तरीणबाईंसमोर जाऊन म्हणाले, "बाई, मला ऐकू येत नाही. तुमचा पंखा मी न ऐकता चांगला म्हटला. तो काढावा लागेल."

बाईंचा चेहरा पडला होता, रागावल्या होत्या हे स्पष्ट दिसत होतं. दोरी मीच धरली होती, वर दोन दिवस त्यांचा चहा प्यालो होतो; त्यांनी माझ्याकडेही पाहिलं.

"काढा," त्या म्हणाल्या. "आणि दुसरा कोणता घ्यायचा तेही तुम्हीच सांगा. ते काही कानाने ठरवायचं नसतं."

भावजींना हे ऐकू गेलं नाही. मी त्यांच्याजवळ जाऊन पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली. पट्टे सैल झाले, आम्ही नट काढला आणि पंखा ओढून दोरीने क्रेनच्या आकड्याला टांगला. भावजींनी हातोडी माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

मी पहिलं पातं ठोकलं, दुसरं ठोकलं, तिसरं ठोकलं. ते वळले नाहीत.

"बोल," ते म्हणाले.

"तिसरं गेलंय भावजी," मी म्हणालो. त्यांनी मान जराशी वाकडी केली, ऐकू आलं नव्हतं. मग मी सगळ्या यार्डाला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं.