त्रेचाळीस पोरांचा एक नंबर

गुजरातेतल्या डिंडोलीत भाजी बाजाराच्या मागे हेमराज बडगुजरचं दुकान आहे. दुकान म्हणजे एका शटरची खोली. त्यात एक झेरॉक्स मशीन, एक जुना कॉम्प्युटर, पासपोर्ट फोटोसाठी निळा पडदा आणि गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल. स्टुलाचा एक पाय आखूड, त्यामुळे आमच्या भागातल्या निम्म्या पोरांच्या फोटोत मान जराशी तिरकी आलीये.

हेमराज पूर्वी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होता. कापसाच्या धुळीने छाती भरायला लागली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, लूम सोड नाहीतर छाती सोड. त्याने लूम सोडला आणि कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा कोर्स केला. शिक्षण दहावी नापास. पण कॉलेजचा फॉर्म असा भरायचा की बोर्डाच्या साहेबाने मान डोलवावी. नावाचं स्पेलिंग तीनदा विचारायचा, जातीचा दाखला उन्हात धरून बघायचा. मी पलीकडच्या मराठी शाळेत मास्तर. दहावीनंतर आमची पोरं गुजराती शाळेत सायन्सला जायची, तरी फॉर्म भरायची वेळ आली की माझ्याकडेच यायची आणि मी त्यांना हेमराजकडे पिटाळायचो.

फॉर्मवर मोबाइल नंबरचा रकाना आला की हेमराज स्वतःचा नंबर टाकायचा. सगळ्यांच्याच फॉर्मवर! बाहेरच्या माणसाला हा येडेपणा वाटेल, पण आमच्याकडे तोच शहाणपणा होता. घरात फोन एकच आणि तो बापाच्या खिशात, बाप बारा तास लूमवर. लूम बदलला की खोली बदलायची आणि नवी ऑफर आली की सिमकार्ड. हेमराजचा नंबर तेवढा दहा वर्षं हलला नव्हता. मेसेज आला की तो शटर अर्धं खाली ओढायचा आणि त्या पोराच्या घरी चालत जायचा. घराला कुलूप असलं तर शेजारणीला सांगून यायचा. दहा वर्षांत एकही मेसेज चुकला नाही. मीच वर्गात ठणकावून सांगायचो, "नंबर हेमराजचाच टाका, आपली अक्कल चालवू नका."

वीस साली बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेला त्याने त्रेचाळीस फॉर्म भरले. मार्चमध्ये सगळं बंद झालं. शाळा बंद, लूम बंद, परीक्षा पुढे ढकलली. मे महिन्यात गल्ल्याच्या गल्ल्या रिकाम्या झाल्या. कोणी ट्रकने, कोणी पायी, लोक खानदेशात आपापल्या गावी गेले. परीक्षा परत एकदा ढकलली. मग ऑगस्टमधली तारीख आली. हॉलतिकीट नव्याने काढायचं होतं.

हेमराजच्या फोनवर ते मेसेज एकामागोमाग एक आले आणि गल्लीत सांगायला एकही घर उघडं नव्हतं. पण तो हात टेकणारा माणूस नाही. किराणावाल्याला विचारून, लूमच्या मुकादमाला विचारून, कोणाच्या आत्याच्या जावयाला गाठून त्याने पोरं शोधायला सुरुवात केली. चार दिवसांत बेचाळीस पोरांपर्यंत तारीख पोचली. राहिली एक, लूमवरच्या सुपडूभाऊंची पोरगी सुषमा.

सुषमा माझी विद्यार्थिनी. तिला फार्मसीला जायचं होतं. सातवीत असताना आईच्या गोळ्यांचं पाकीट वर्गात आणून मला विचारलं होतं, सर, हे पोटात गेल्यावर डोकं दुखायचं कसं थांबतं? मला कुठे माहीत! मी तिला गप्प बस म्हटलं होतं. तरीही ती सायन्सला गेली आणि सगळ्यांना सांगायची की सरांमुळे गेले.

हेमराजने मला फोन केला. "सर, सुपडूकाकांचा गावाकडचा नंबर आहे का तुमच्याकडे?"

होता. सुपडूभाऊंनी शालकाच्या फोनवरून मला फोन केला होता, शाळा कधी उघडणार म्हणून. तो नंबर हेमराजला देऊन मोकळा झालो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मला वाटलं, पोरगी माझी, बातमी मी सांगावी. मास्तराचा फोन आला म्हणजे गावात चार लोकांत बापाची मान वर होते. मी म्हणालो, "मी सांगतो. तू तुझं बघ."

"नक्की ना, सर?"

"अरे, सांगतो म्हटलं ना!" मी खेकसलोच त्याच्यावर.

त्या दिवशी ऑनलाइन वर्गाचा गोंधळ होता, म्हटलं उद्या करू. दुसऱ्या दिवशी वाटलं, दोनदा ढकलली तर तिसऱ्यांदाही ढकलतीलच, कशाला त्या पोरीला धावत आणायचं? तिसऱ्या दिवशी काय वाटलं ते आठवत नाही. विसरलो. साधंसरळ विसरलो. पेपरात मास्क लावून रांगेत उभ्या असलेल्या पोरांचा फोटो आला तेव्हा आठवलं. परीक्षा आदल्या दिवशी होऊन गेली होती. तेव्हाही मी फोन केला नाही. काय तोंडाने करणार?

सप्टेंबरात लूम चालू झाले आणि मुकादमाने पाठवलेल्या बसने सुपडूभाऊंचं घर परत आलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी ते सुषमाला घेऊन हेमराजच्या दुकानात गेले, परीक्षा कधी आहे ते विचारायला. मी तिथेच होतो, पोरांना वाटायच्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स काढत होतो. दुकानासमोर भाजीला आलेली बरीच माणसं होती.

हेमराज चाचरत म्हणाला, "काका, परीक्षा तर झाली. तुम्हाला... निरोप नाही मिळाला?"

सुपडूभाऊंना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी काउंटरवरून हात घालून हेमराजची कॉलर धरली आणि गावाकडच्या बोलीत ओरडले. "मनी पोरनं वरीस गयं! तुना नंबर व्हता ना फॉर्मवर? कसाले सांगं नही?" आणि खाडकन एक थोबाडीत दिली.

हेमराजने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात गरम झेरॉक्सचा गठ्ठा होता. मी तो पिशवीत भरायला लागलो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण लोक जमले, मोठा माणूस म्हणून माझ्याकडे बघायला लागले, आणि मला मोठेपणा सुचला. मी मधे पडलो. सुपडूभाऊंचा हात धरला आणि म्हणालो, "जाऊ द्या भाऊ, मोठ्या मनाने घ्या. चूक होते माणसाकडून." मग हेमराजकडे वळून म्हणालो, "माफी माग त्यांची."

त्याने मागितली. गाल लाल झालेला, हात जोडलेले.

पुढच्या वर्षी परीक्षा देऊ म्हणता म्हणता सुषमाचं राहूनच गेलं. बापाची लूमवरची पगारवाढ थांबली होती, म्हणून ती एका मेडिकल स्टोअरमध्ये लागली. हेमराजकडे फॉर्म भरायला जाणं लोकांनी कमी केलं. त्यानेही स्वतःचा नंबर टाकणं बंद केलं. ज्याच्याकडे फोन नाही त्या पोराला तो आता परत पाठवतो. अशी किती पोरं परत गेली, मी कधी विचारलं नाही. मला तो अजून सर म्हणतो. माझ्या झेरॉक्स काढून देतो. माझ्याशी कामापुरतं बोलतो.

गेल्या जूनमध्ये मी ब्लडप्रेशरच्या गोळ्या घ्यायला गेलो तर काउंटरवर सुषमा. तिने मालकाला सांगितलं, "हे माझे सर. यांच्यामुळेच मी सायन्स घेतलं." मालकाने मला नमस्कार केला. गोळ्या घेऊन मी घरी आलो, पण दोन दिवस त्या घेतल्या नाहीत. म्हटलं, वाढू दे प्रेशर.

रविवारी तिच्या घरी गेलो आणि जमिनीवर बसून सुपडूभाऊंना सगळं सांगितलं. नंबर माझ्याकडे होता, फोन मी केला नाही, हेमराजचा यात काही दोष नाही. वाटलं होतं, शिव्या देतील. हात उचलला असता तरी बरं वाटलं असतं.

ते लगबगीने उठले. मग म्हणाले, "तुम्हना काय दोस, सर? तुम्हले शंभर कामं. आठे वर बठा ना, खाली काय बठनात." मग आत बायकोला हाक मारली, "उषा, सरले चहा ल्हय."

हेमराजला थोबाडीत आणि मला चहा. मी तो प्यायलो, नाही म्हणायची हिंमत नव्हती. सुषमा दाराशी उभी होती. मी निघालो तशी जिन्यापर्यंत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "सर, हेमराजकाकांना मारलं तेव्हा सगळा बाजार होता. तुम्ही घरात येऊन सांगताय."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीच्या वेळेला मी हेमराजच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलो. सात-आठ माणसं होती. मी मोठ्याने बोललो. वीस साली सुषमाची परीक्षा माझ्यामुळे बुडाली, हेमराजने मार माझ्या वाटचा खाल्ला, आणि वर त्याला माफी मागायला मीच लावली. माणसं ऐकत होती, पण कोड्यात पडल्यासारखी. एकाने हिंदीत शेजाऱ्याला विचारलं, "क्या हुआ? किसका पेपर?"

हेमराज कॉम्प्युटरसमोरून उठला नाही. माझं संपेपर्यंत थांबला. मग म्हणाला, "सर, त्या दिवशी जे होते त्यातलं आता इथे कोण आहे? शालिग्राम राहायला सचिन गावात गेला, लोटूआप्पा कामरेजला, मंगलाबाई गावी. हे सगळे नवे भाडेकरू आहेत. यांना माझं नावसुद्धा माहीत नाही."

मी काहीतरी बोलायला गेलो.

"जरा बाजूला व्हा, सर," तो म्हणाला. "या ताईंचा फोटो काढायचाय."