कोचच्या बायकोची खुर्ची

"बॉलला घाई नसते, घाई तुम्हाला असते," असं म्हणून तो दोन्ही तळहात खाली दाबायचा. उतू जाणारं दूध खाली बसवावं तसं. मुली लगेच हळू व्हायच्या. वर बाकड्यावर बसलेला मीपण हळू व्हायचो, आणि मी तर काहीच करत नसायचो.

अमेरिकेतल्या पार्सिपनीत माझी नात ज्या शाळेत शिकते, तिथल्या मुलींच्या बास्केटबॉलचा तो कोच. लिथुआनियाचा. तो देश नकाशावर कुठं आहे ते मला अजून दाखवता येणार नाही. माझी शाळा सातवीत सुटली. मिरजेत गॅरेज चालवलं, म्हातारपणी पोराकडं आलो, बायको इथंच गेली. दिवसभर घरात कोणी नसतं, म्हणून नातीच्या प्रॅक्टिसला जाऊन बसायचो. तुमच्यातलेही कितीतरी म्हातारे असेच कुठल्या ना कुठल्या जिममध्ये बसलेले असतील. आणि या कोचसारखा माणूसही तुम्ही पाहिला असेल. दारातनं वाकून आत येणारा, पांढऱ्या भुवयांचा, चालताना गुडघे वाजणारा.

नात मला आजोबा म्हणते म्हणून तोही आजोबाच म्हणायचा. मी एकदा म्हटलं, "लेका, आपण दोघं एका वयाचे." तो म्हणाला, "दिसत नाही." कुणाबद्दल ते सांगितलं नाही.

त्याचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून. अडलं की नात मध्ये पडायची. त्यातनं जे कळलं ते असं. गोठ्याच्या भिंतीवर लोखंडी कडी ठोकून तो खेळायला शिकला. त्यांच्याकडं पोरगं चालायला लागलं की हातात बॉल देतात. पुढं मोठ्या क्लबात खेळला. देशाकडून खेळायची वेळ आली आणि गुडघा गेला. "गुडघा गेला, तोंड राहिलं. म्हणून कोच झालो," असं म्हणायचा. देश रशियाच्या हाताखालून सुटल्यावर बायकोला घेऊन अमेरिकेत आला. आधी एका कॉलेजात दुसऱ्याच्या हाताखाली, मग या शाळेत. मोठं नाव काही झालं नाही. पण त्याच्या जुन्या मुली पोरंबाळं घेऊन त्याला भेटायला यायच्या, हे मी पाहिलंय.

बायको प्रत्येक मॅचला यायची. घरून हिरव्या कापडाची घडीची खुर्ची आणायची आणि मुलींच्या रांगेच्या शेवटी बसून लोकर विणायची. ती गेल्यावरही तो खुर्ची आणत राहिला. उघडायचा, त्याच जागी ठेवायचा. तिच्यावर कुणी बसायचं नाही, बॅगही ठेवायची नाही.

त्यांच्यात रीत आहे. नाताळाच्या आदल्या रात्री घरातल्या मेलेल्या माणसाचं ताट वाढतात, खुर्ची ठेवतात, मेणबत्ती लावतात. जेवण झालं तरी टेबल आवरत नाहीत. रात्री ती माणसं येऊन जेवतात म्हणे.

मी विचारलं, "ते एका रात्रीचं ना? मग तू सारखा खुर्ची का मांडतोस?"

"तिला जेवणात गोडी नव्हती," तो म्हणाला. "ती मॅचला यायची."

टाइमआउट झाला की तो आधी त्या खुर्चीकडं बघायचा. मान जरा तिरकी करायचा, ऐकू कमी येणारा माणूस करतो तशी. मग एखादीला बाहेर काढून दुसरीला आत पाठवायचा. बरेचदा ते बरोबर निघायचं. मला ते बघवायचं नाही आणि नजरही हटायची नाही. माझ्याही स्वयंपाकघरात दुपारी बांगड्या वाजतात. सुनेला सांगितलं तर म्हणते, "बाबा, तो डिशवॉशर आहे."

मग एक नवीन मुलगी त्या खुर्चीशेजारी बसायला घाबरली. तिच्या आईनं तक्रार केली. शाळेच्या खेळांची मुख्य बाई त्याला म्हणाली, पुढच्या सीझनला रिकामी खुर्ची दिसली तर तुम्ही दिसणार नाही. या वयात त्याला दुसरी टीम कोण देणार?

सप्टेंबरात पितृपक्ष आला. आमची ही नवरा जिवंत असताना गेली, म्हणून अविधवा नवमीला तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची. सुनेनं समोरच्या शिंदेबाईंना बोलावलं, हिच्या जागेवर बसवलं, ओटी भरली, साडी दिली. कोचला मीच बोलावलं होतं. तो दारातनं वाकून आला आणि तसाच थांबला.

"तिथं कोणीतरी बसलंय," तो हळूच म्हणाला.

"शिंदेबाई. ही त्यांच्यातनं जेवते. जेवली की जाते. गेलेल्याला अडवून धरायचं नसतं."

"तुझी गेली का?"

मी वरणात लिंबू पिळलं आणि वाटी त्याच्याकडं सरकवली. तो पोटभर जेवला, पण नजर शिंदेबाईंवरच. त्या बिचाऱ्या लाजून दुसऱ्यांदा भातही घेईनात.

सीझनच्या पहिल्या मॅचला मी नेहमीसारखा वर बसलो होतो. नात धावत आली. "आजोबा, कोच वाँट्स यू. खाली. नाऊ."

हिरवी खुर्ची मांडलेली. तो म्हणाला, "बस."

"अरे, सवाष्ण लागते. नवरा जिवंत असलेली बाई. मी बाप्या, त्यात बायको गेलेला."

"आज खुर्ची रिकामी नको," तो म्हणाला, आणि समोर उभ्या असलेल्या त्या मुख्य बाईकडं भुवई उडवली. "बस, आजोबा."

मी बसलो. मुली तोंड दाबून हसत होत्या. कापड थंड होतं. अंग चोरूनच बसलो, कुणाच्या मांडीवर बसल्यासारखं वाटत होतं.

मॅच हातातनं चालली होती. त्यानं टाइमआउट घेतला. मुली गोळा झाल्या. तो माझ्याकडं वळला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि मान तिरकी केली.

"काय म्हणते?"

आता काय सांगायचं? मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. मी खरोखर कान दिला. बूट घासल्याचा आवाज, मागं पोरांचा गलका. बाकी काही नाही.

"काही म्हणत नाही रे," मी म्हटलं.

तो तसाच वाकून राहिला. "नीट ऐक."

"ऐकलं. नाही काही."

तो सरळ झाला. मुली त्याच्या तोंडाकडं बघत होत्या. शिट्टी वाजली, आहे त्याच मुली परत आत गेल्या. हरलो. सगळे गेल्यावर तो माझ्याजवळ आला. मी उठलो. त्यानं खुर्चीची घडी घातली, काखेत मारली, म्हणाला, "तू खोटं बोलत नाहीस, आजोबा. वाईट सवय आहे." दुसऱ्या दिवशी त्यानं काम सोडलं. सून म्हणते, बाबा, काहीतरी ठोकून द्यायचं होतं. असलं मला जमत नाही.

नाताळाआधीच तो बहिणीकडं, त्याच्या देशात, निघून गेला.

नाताळाच्या आदल्या दुपारी नातीच्या फोनवर त्याचा व्हिडिओ कॉल आला. तिथं रात्र झालेली. पांढरी चादर घातलेलं टेबल त्यानं फिरवून दाखवलं. बहिणीचं जेवण झालं होतं. दोन ताटं मात्र भरलेली, दोन्हींपुढं मेणबत्ती. "ही माझी," तो म्हणाला, "आणि ही तुझी."

त्या ताटात मासा दिसला. मग म्हटलं, "ती मासा खात नाही."

"खसखशीचं दूध आहे."

"ते पिईल."

"माझी तिला घेऊन येईल. पण दोघी बोलणार कुठल्या भाषेत, देव जाणे." त्यानं फोन कशाला तरी टेकवून ठेवला. "आता आम्ही झोपतो. आम्ही असलो की येत नाहीत." गुडघे वाजवत तो बाहेर गेला. दिवा बंद झाला.

फोन चालूच राहिला. टेबल, दोन खुर्च्या, दोन ज्योती. मी आमच्या ओट्याशी फोन धरून उभा. सून त्या दिवशी घरूनच ऑफिसचं काम करत होती, ती पाणी प्यायला आली.

"बाबा, कॉल कट करायचा राहिलाय."

"राहू दे," मी म्हटलं. "जरा गप्प बस."