पाणकोंबडीचं शेवटचं पिल्लू

बोईसरच्या आमच्या बागेतल्या माळ्याचं नाव मला अजून ठाऊक नाही. रोज तळ्याकाठी भेटतो आणि रोज माझ्यावर ओरडतो. "ए आजी, पाव नको टाकू! तुझ्या नातवाला देतेस काय रोज शिळा पाव?" पाणकोंबडीच्या काळ्या पिल्लांपुढे त्याला माणसांची किंमतच नाही, बघा.

गेल्या पावसात नाला फुटला आणि कारखान्यांकडचं लाल पाणी तळ्यात शिरलं. सकाळी सगळी पिल्लं मरून तरंगत होती, एकच काय ते धापा टाकत होतं. त्यानं ते तळहातावर घेतलं आणि स्वतःच्या प्यायच्या बाटलीतलं पाणी थेंब थेंब त्याच्या चोचीत सोडलं. पलीकडे गवतात पाणकोंबडी ओरडत होती.

"जगेल का रे?" मी विचारलं.

"नाय जगनार," तो म्हणाला, "पन मरताना तरी चांगलं पानी मिलू दे."