चार शॉकअप आणि एक मावशी

समोर खड्डा आला की मावशी मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरायची आणि म्हणायची, "हलू रं बाला, कालवन हाय."

खड्डा मला दिसायच्या आधी तिला दिसायचा. आणि दिसून तरी मी काय करणार? गाडी खड्ड्यात आपटायची, वर उसळायची आणि मग पुढची दोन-तीन दुकानं मागे पडेपर्यंत डुलत राहायची. खड्डा केव्हाच मागे गेलेला असायचा, पण माझी गाडी सहजासहजी काही विसरायची नाही.

मी आणि मावशी अंजूरकडच्या एकाच गोडाऊनमध्ये कामाला होतो. ती पॅकिंगला, मी डिस्पॅचला, कॉम्प्युटरसमोर. दोघंही भिवंडीच्या टेमघरचे. मेहुण्याने जुनी गाडी मला दिली तेव्हा मी मोठ्या मनाने मावशीला म्हटलं, "उद्यापासून माझ्यासोबत चला." लग्नात राहून गेलेल्या अंगठीची भरपाई म्हणून मेहुण्याने ही गाडी दिली, असा माझा समज होता. त्याचा समज वेगळा असावा, कारण किल्ली देताना तो फारच आनंदात होता.

पहिल्या दिवशी मावशी चपला काढून गाडीत बसली. मी म्हटलं, "अहो, राहू द्या." तर म्हणाली, "नगं, तुजी गारी खराब व्हईल." त्या गाडीत खराब व्हायचं शिल्लक काय होतं ते तिला अजून कळायचं होतं.

वाटेत ती गोडाऊनांच्या जागी आधी काय होतं ते सांगायची. इथे वाल व्हायचे, इथे खाडीचं खाजण होतं. ज्या शेडमध्ये ती दिवसभर खोक्यांना टेप लावायची, तिथे तिच्या माहेरचं भात व्हायचं. हे ती दुःखानं सांगत नसे. "तवा पायाखाली चिखल व्हता, आता डोक्यावर पंखा हाय," एवढंच म्हणायची.

मी मात्र सगळा वेळ रस्त्याला बोलत असायचो. रस्त्याला शिव्या घालण्यात आम्हा भिवंडीकरांचा हात कोण धरणार? रस्ता, ठेकेदार, कंटेनरवाले, सगळ्यांचा उद्धार करून मी अंजूरला पोचायचो. आपल्या गाडीचंही काही चुकत असेल हे माझ्या मनात आलं नव्हतं. मावशी उतरताना दार धरून थोडा वेळ तशीच उभी राहायची, मग कमरेवर हात ठेवून चालू लागायची. मला वाटायचं, वय झालं.

मग तिची सून बाळंत झाली. ठाण्याच्या दवाखान्यात, सीझर करून. मुलगा झाला. मावशीने जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना पेढे वाटले. पोटात पेढा आणि अंगात उत्साह, मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मावशी, सुनेला आणि बाळाला घरी आणायची काळजी करू नका. माझी गाडी आहे."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. "तुज्या गारीन? टाकं उसवतील तिचं."

सगळी पॅकिंग लाइन हसली. आमचा हमाल म्हणाला, "साहब, डॉक्टर को भी साथ में बिठा लेना."

मीही हसलो. माणूस अपमान गिळताना हसतो तसं. संध्याकाळी टेमघर आल्यावर मावशी उतरली, खिडकीशी वाकली आणि म्हणाली, "राग नको मानू. माजी कंबर जुनी हाय, ती सोसते. पर तिचं पोट कापलंय रं."

घरी गेलो तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. सून घरी यायला अजून तीन दिवस होते. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून गाडी कल्याण नाक्याजवळच्या गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीने बॉनेटवर दोन्ही हात ठेवून गाडी खाली दाबली आणि सोडून दिली. गाडी वर-खाली, वर-खाली करत राहिली. एखाद्या उमेदवारासारखी, समोर कुणी नसलं तरी नमस्कार करणारी.

"साहब, इसमें शॉकअप नहीं है," तो म्हणाला.

"म्हणजे चोरीला गेले?"

"है, लेकिन पाइप है. अंदर कुछ नहीं."

मग त्याने सगळं समजावलं. खड्ड्याचा धक्का स्प्रिंग खाते, आणि स्प्रिंगचं नाचणं शॉकअप थांबवतो. माझ्या गाडीत नाचणं होतं, थांबवणारं कुणी नव्हतं. पुढच्या स्प्रिंगाही बसलेल्या. पुढचे-मागचे चारही शॉकअप आणि पुढच्या दोन्ही स्प्रिंगा बदला, असं त्याचं म्हणणं.

इथे माझी बुद्धी जागी झाली. सून मागे बसणार. बाळही मागे. मग पुढचं बदलायची गरज काय? पुढे मी बसणार, मला कुठे टाके पडलेत? मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, पाना उचलला आणि तो मागच्या चाकांकडे गेला.

संध्याकाळी मी ऐटीत मावशीच्या दारात गाडी उभी केली. "बसा. आता बघा."

मावशी आत गेली आणि काठोकाठ पाणी भरलेलं पातेलं घेऊन आली. मागच्या सीटवर बसली, पातेलं मांडीवर ठेवलं. "चल."

गल्लीतली माणसं बघत होती. मी हळू निघालो. पहिला खड्डा गेला, पाणी हललं पण सांडलं नाही. दुसरा गेला. मी आरशात पाहून म्हटलं, "काय मावशी?" आणि त्याच वेळी समोरून एक कुत्रं आडवं आलं.

मी ब्रेक दाबला. गाडीचं नाक रस्त्याला टेकायला गेलं, मागची बाजू वर आली आणि पातेल्यातलं सगळं पाणी माझ्या मानेवरून सदऱ्यात उतरलं.

कुत्रं थांबून माझ्याकडे बघत होतं. मावशीने पदराने माझी मान पुसली. "मागचं चांगलं झालंय," ती म्हणाली. उगाच निराश करायचा तिचा स्वभाव नव्हता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने मला ओल्या सदऱ्याची गोष्ट दोनदा सांगायला लावली. मग पुढची चाकं काढली. स्प्रिंग लोखंडी शिकंज्यात आवळताना त्याने मला लांब उभं केलं. ती सुटली तर माणसाला सोडत नाही म्हणाला. जुनी आणि नवी स्प्रिंग शेजारी उभी केली तेव्हा जुनी बोटभर बुटकी दिसली. नव्या शॉकअपचा दांडा दाबून सोडला की हळूहळू आपोआप वर यायचा. जुन्याचा दाबला तसा तिथेच बसला. रविवारी दुपारी बायको "जरा उठता का" म्हणते तेव्हाचा मी.

पुन्हा पातेलं, पुन्हा गल्ली. या वेळी कुत्रं नव्हतं म्हणून मावशीने मध्येच ओरडून ब्रेक मारायला लावला. चार थेंब तिच्या लुगड्यावर पडले. तिने ते हाताने झटकले आणि म्हणाली, "उद्या सकाली ये."

ठाण्याहून येताना सून मागे बसली होती, बाळ मावशीच्या मांडीवर. एवढी हळू गाडी मी शिकतानाही चालवली नव्हती; एक सायकलवाला मला मागे टाकून गेला आणि त्याने वळून पाहिलंही. सुरुवातीला सुनेने पोटावर हात घट्ट धरला होता. खारेगाव ओलांडल्यावर आरशात पाहिलं तर तो हात सैल पडला होता आणि ती झोपली होती. मावशी घर येईपर्यंत एकदाही "हलू रं बाला" म्हणाली नाही. एवढी मोठी शाबासकी मला गोडाऊनमध्येही कधी मिळालेली नाही.

दारात मावशीने सुनेवरून आणि बाळावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. तांब्यात थोडं उरलं होतं. ती परत फिरली आणि ते पाणी माझ्या गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांवर घातलं.

त्यानंतरच्या सोमवारी मी नेहमीसारखा गल्लीच्या तोंडाशी थांबलो. मावशी बाळाला तेल लावणं अर्धवट सोडून बाहेर आली ती कोपरापर्यंत तेलाच्या हातांनी. "अरं, तुला सांगायचं राह्यलं. मी काम सोरलं. सुनंला ड्युटीवर जावं लागंल, मग पोराला कोन बघनार?"

मी "बरं" म्हणून निघालो. गाडी सुरेख चालली होती. खड्ड्यात जायची आणि शहाण्या माणसासारखी गप्प व्हायची. पण ती आधी कशी होती हे ठाऊक असलेलं माणूस शेजारी नव्हतं. पुढे डिस्पॅचमधला एक सहकारी सोबत येऊ लागला. एका मोठ्या खड्ड्यातून गेल्यावर मी त्याला विचारलं, "काही जाणवलं?" त्याने मोबाइलमधून डोकं काढून विचारलं, "काय?"

बाळाला डोस द्यायचा होता तेव्हा मी हट्टाने मावशीला माझ्या गाडीतून नेलं. पोरगं जाताना रडलं, येताना रडलं. मी आणखी हळू चालवली तर आणखी मोठ्याने रडलं. मावशी बिचारी संकोचून म्हणाली, "तुजी गारी आता झोका देत न्हाय रं त्याला."

देणार कशी? चारही शॉकअप नवे होते.

परवा अंजूर फाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. शेजारच्या कच्च्या बाजूने एक रिक्षा आपटत, उसळत पुढे चालली होती. मागच्या सीटवर मावशी बसलेली, रिक्षाबरोबर सगळी हलत होती आणि पोरगं तिच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून गाढ झोपलेलं. मी काच खाली केली, हाक मारायला तोंड उघडलं. मावशीने मला पाहिलं, हसली आणि ओठांवर बोट ठेवलं.