आडवा वारा आणि उजनीवरच्या घिरट्या

गेल्या मंगळवारी दुपारी बेंगळुरूहून पुण्याला येत होते. सोबत माझे सासरे, तात्या. पंच्याहत्तरी गाठली तरी काटेवाडीत अजून स्वतः भाजीपाला करतात... विमानात मात्र बसायची ही दुसरीच वेळ. पहिली, जाताना.

वळवाचे दिवस. पुणे जवळ आलं तसा बाहेर सगळा पिवळट धुरळा दिसायला लागला. मी खिडकीला गाल टेकवून पाहिलं... समोर असायला हवा तो रनवे मला बाजूच्या खिडकीतून दिसत होता. विमान चक्क तिरकं खाली चाललं होतं.

जमीन इतकी जवळ आली की वाळलेलं गवत दिसत होतं. एक पंख झुकला आणि रनवे आमच्या खालून हळूहळू बाजूला सरकत गेला...

मग इंजिनं एकदम गरजली. विमान पुन्हा वर निघालं. तात्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "वैशाली, उतरत का न्हाय ह्ये?"

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

वारा कमी होईपर्यंत थांबावं लागेल, अशी घोषणा झाली. विमान पूर्वेकडे जाऊन घिरट्या घालू लागलं. खाली उजनीचं पाणी... उन्हाळ्यानं आटलेलं, काठाला नुसता राखाडी गाळ.

तात्या माझ्या अंगावरून खिडकीकडे वाकले. बराच वेळ पापणी न हलवता बघत राहिले.

"हितंच कुठंतरी माझं आजोळ हुतं. धरणात गेलं." मग अगदी हळू म्हणाले, "आज्जी बोलवती का काय मला?"

मी खिडकीचं झाकण खाली ओढलं.

अर्ध्या तासानं दुसरा प्रयत्न. या वेळीही तिरकंच... पण शेवटच्या क्षणी नाक सरळ झालं. आधी एक चाक टेकलं, मग दुसरं.

दाराशी पायलट उभी होती. तिशीतली, आपलीच मराठी मुलगी. तात्या थांबलेच. "बाई, पयल्यांदा का उतरवलं न्हाय?"

"आजोबा, वारा आडवा असला की नाक वाऱ्याकडे वळवूनच यावं लागतं. टेकायच्या आधी सरळ करायचं. नेमका तेव्हाच झोत आला आणि विमान पट्टीच्या मधोमध राहीना. तसंच टेकवलं असतं तर चाकं घसरली असती, नाहीतर पंख घासला असता. म्हणून उतरणं सोडून दिलं."

"भ्या वाटलं न्हाय?"

"परत वर जायची भीती नाही वाटत. एवढं खाली आलोय तर उतरवूच, असं मनात येतं ना... त्याची वाटते."

तात्यांनी हात जोडले.

मला राहून राहून तेच आठवतंय. विमानभर माणसं उतरायला अधीर, जमीन हाताशी आलेली, आणि ती म्हणाली, आत्ता नको. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं... रात्री तात्या घरी मांडी घालून भाकरी खात होते, ते तिच्यामुळे.